बाबाला शॉक दिले तेव्हा

आमच्या घरात काही फुटल्याचा आवाज आला की काय फुटलं असं कुणी विचारत नसे. आई आधी गॅस बंद करायची. मग माझ्याकडे बघून दाराच्या दिशेनं हनुवटी हलवायची, आणि मी चपला न शोधता मागच्या पडवीतून बाहेर पडायची. ती स्वतः मात्र जिथून आवाज आला तिकडे आत जायची. मी विहिरीच्या कठड्याला टेकून ऐकत राहायची. ताट आदळलं तर बाबा अजून बोलण्यावर आहे. पाट आदळला तर बोलणं संपलं. काहीच ऐकू आलं नाही तर शेजारच्या बायजामावशीला हाक मारायची. मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात अकरावीला होते. मैत्रिणींनी विचारलं की घरी आई, बाबा आणि मी, एवढंच सांगायची. हे वाचून कुणी हळहळू नये. घर तसं होतं, आणि त्याच घरात मी तांदळाची भाकरी आणि सुकट पोटभर खाऊन मोठी झाले.

बाबाला आम्ही अरेतुरेच करतो, आमच्या आगरी घरांत ती रीत आहे. तो उघाडीवर कामाला होता. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून बांध असतो, आणि त्या बांधात फळ्यांचं दार ठेवलेलं असतं, ती उघाडी. ओहोटीला फळ्या उचलून शेतातलं पाणी सोडायचं, भरती चढायच्या आत त्या पुन्हा खाचेत टाकायच्या. फळी खाचेत बसली की धप्प असा आवाज व्हायचा आणि तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. बाबाला घड्याळ लागत नसे. जेवताना मध्येच त्याचा हात थांबायचा, "पानी फिरलं" म्हणायचा आणि हात धुऊन निघायचा. येताना कधी चिखलातले निवटे मासे आणायचा, कधी चिंबोऱ्या. आई चिंबोऱ्यांचे आकडे, म्हणजे नांग्या, दगडावर फोडायची आणि रश्शात इतकं आलं-लसूण घालायची की वास कपड्यांना लागायचा.

मग शेतं गेली, मुरूम पडला आणि उघाडी त्याखाली गाडली गेली. बाबाचा धाकटा भाऊ, बाळूकाका, यानं डंपर घेतले, त्याच भरावाची कामं घेतली आणि जिथं उघाडी होती तिथेच दुमजली घर बांधून भोवती कंपाउंडची भिंत घातली. बाबा घरी बसला. काम गेलं तरी पाणी फिरल्याचं त्याला कळतच राहिलं. हात तसाच थांबायचा, वाढता वाढता आईही थांबायची, आणि मग दोघं पुन्हा जेवायला लागायची. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की बाबाचा आजार यातून आला. डॉक्टर म्हणाले तसं नसतं, हा आजार घराण्यात असतो, कशानेही उठतो. बाबाचा एक चुलता मिठागरात बडबडत फिरायचा हे मग आठवलं. ज्यांच्या जमिनी गेल्या ते सगळे काही बायकोला मारत सुटले नाहीत, तेव्हा डॉक्टरांचं मला पटतं.

त्या वर्षी आजार मोठा झाला. त्याआधी तो महिना दोन महिने चढायचा आणि उतरायचा. या वेळी बाबानं झोपणंच सोडलं. तो उभ्या उभ्या जेवायचा, बोलायचा थांबायचा नाही, घसा बसला तरी घोगऱ्या आवाजात बोलत राहायचा. खाडी येणार, भराव टिकणार नाही, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, हे एकच. एका दुपारी उधाणाची भरती होती. आई वालाचं बिरडं करत होती आणि मी वाल सोलून झाल्यावरची सालं गोळा करत होते. बाहेर ठण ठण आवाज सुरू झाला. बाबा पहारीनं काकाच्या कंपाउंडची भिंत फोडत होता. उघाडी खोलायची म्हणत होता. काकाची बायको माडीवरून ओरडत होती. बरीचशी भिंत पाडून तो पहार घेऊन आमच्या घरात शिरला आणि आम्हाला म्हणाला, चला, पाणी आलं. आई म्हणाली, भात होऊ द्या, मग निघू. ती नेहमी अशीच त्याच्या बोलण्याला धरून बोलायची आणि बरेचदा त्यानं काम भागायचं. त्या दिवशी त्यानं पहार आडवी घेऊन तिच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडलेलं मी ऐकलं. पातेलं उलटलं आणि तिच्या पायावर पेज सांडली, तरी ती ओरडली नाही. मला म्हणाली, "मने, जा." पण मी दारापर्यंत पोचण्याआधी बाबानं माझी वेणी धरली आणि मला मुरमावरून उंच रस्त्याकडे ओढत नेलं. पोरीला वाचवतो, पोरीला वाचवतो, असं तो ओरडत होता. तो खरोखरच मला वाचवत होता, आणि माझ्या गुडघ्यांची कातडी मागे मुरमावर राहत होती.

बाळूकाका आणि त्याचे ड्रायव्हर धावत आले. त्यांनी बाबाच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला, तो पडल्यावर लाथा घातल्या, आणि डंपरच्या ताडपत्रीची नायलॉनची दोरी घेऊन त्याला काकाच्या ओट्याच्या खांबाला बांधलं. ती दोरी ओढली की आवळत जाते. बाबा जितका ओढायचा तितकी ती मनगटात शिरायची. आईचा हात प्लॅस्टरमध्ये घालून आम्ही परत आलो तेव्हा तो तसाच होता. मग काकानं त्याला भगताकडे नेलं. भगतानं मिरच्यांची धुरी दिली आणि वेताच्या छडीनं पोटऱ्यांवर, तळव्यांवर मारलं. काका पाय धरून बसला होता. बाबा आधी शिव्या देत होता, मग रडायला लागला, मग गप्प झाला. भगत म्हणाला, गेलं. काकानं नारळ फोडला.

गेलं होतं ते बाबाचं बोलणं, चालणं आणि गिळणं. बसवला तर बसायचा, हात वर केला तर वरच राहायचा. तोंडात घातलेला भात गालात तसाच असायचा, मी बोटानं काढायची. कपड्यातच सगळं व्हायचं. आईनं डाव्या हातानं चमच्याचमच्यानं पेज घातली, ती ओठांवरून खाली आली. पाणीही जाईना, तेव्हा आई काकाला म्हणाली, गाडी काढ, नाहीतर मी याला पाठीवर घालून पनवेलला नेते. काकानं जीप काढली.

दवाखाना तळ्यामागच्या गल्लीत होता, मनोविकारांचा, खाटा मोजक्याच. डॉक्टर किडकिडीत, चष्मेवाले, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी बाबाचे डोळे, जीभ, मनगटं पाहिली. मनगटांवर दोरीनं कातडी सोलून मांस दिसत होतं. हे कुणी केलं असं त्यांनी विचारलं. सलाइन लावून ते म्हणाले की गोळ्यांनी गुण येईल, पण आठवडे जातील आणि एवढा वेळ या माणसाकडे नाही. विजेचे उपचार द्यायला हवेत. आधी झोपेचं इंजेक्शन, मग अंग सैल पडायचं इंजेक्शन, मग कानशिलांना काही सेकंद वीज. मेंदूत फिट येते, ती शांत झाली की माणूस जागा होतो. एक दिवसाआड असं काही वेळा करायचं. काका उठून उभा राहिला. शॉक म्हणजे काय ते सिनेमात त्यानं पाहिलं होतं. शिवाय बाजूच्या खाटेवर उरणचा एक म्हातारा होता, त्याला तरुणपणी दुसरीकडे कुठेतरी भूल न देता शॉक दिले होते, आणि त्यात तुटलेले दात तो काकाला ओठ उचलून दाखवत होता. आई एवढंच म्हणाली, "त्यानं ते जेवतील का?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक जेवतील. आईनं डाव्या हाताचा अंगठा दिला, सही करायचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

भूल न देता शॉक देणं आता कायद्यानं बंद आहे. खारघरला तर डोक्याला चुंबकाचे ठोके देतात, माणूस खुर्चीत जागा बसून असतो आणि संपल्यावर स्वतः रिक्षा करून घरी जातो. जासईला कंटेनर यार्डांजवळ माझ्या ट्रेलरच्या धंद्याचं ऑफिस आहे. तिथला एक ड्रायव्हर बायकोच्या उदासीसाठी ती जागा बघून आला आणि मला दबक्या आवाजात विचारू लागला, ताई, तिथं माणसाला खलास तर नाय ना करत? मी त्याला सुट्टी दिली आणि म्हटलं, हायवेवर तू जसा ओव्हरटेक करतोस त्यापेक्षा ते कमी धोक्याचं आहे.

पहिल्या शॉकनंतर बाबा घोटभर पाणी प्यायला. दुसऱ्यानंतर त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघून "सुकट हाय का?" म्हणाला, आणि दवाखान्यातल्या आयानं भरवलेली मऊ खिचडी गिळली. आई बाहेर जाऊन जिन्यात बसली. डॉक्टरांनी त्याला मधल्या दिवसासाठी घरी सोडलं. खाटा कमी होत्या, आणि घरचं जेवण त्याला बरं पडेल असंही ते म्हणाले. पुढच्या शॉकसाठी काय करायचं ते त्यांनी काकाला सांगितलं, कारण काका पुरुष, जीप त्याची, आणि दवाखान्यात सगळे त्याच्याशीच बोलायचे. रात्रीपासून पोटात काही नको. सकाळी डोकं साबणानं धुऊन आणा, तेलाचा थेंब नको. काकानं पोटाचं तेवढं घरी सांगितलं. डोकं धुण्याचं त्याला सांगण्यासारखं वाटलं नाही.

आमच्याकडे आजारी माणसाचं डोकं कोरडं ठेवत नाहीत. ताप उतरला, बाळंतपण झालं, कुणी झाडावरून पडलं, तरी आधी टाळूवर तेल. बाबाचे केस आयानं दोनदा साबणानं धुऊन गवतासारखे राठ केले होते, आणि वरून त्या डोक्यातून वीज गेलेली. आईच्या हिशेबानं डोकं पेटलेलं होतं. तिनं माका घालून कढवलेलं खोबरेल कोमट केलं, डाव्या हातानं त्याच्या टाळूवर ओतलं आणि कानशिलांपर्यंत चोळून चोळून जिरवलं. मी कॉलेजातून आले तर बाबा उशीवर जुनं वर्तमानपत्र घालून झोपला होता आणि सगळ्या घराला माक्याचा वास येत होता. आईचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल दिसत होता. तिनं तेवढं केलं ते त्याच माणसासाठी, ज्यानं तिचा दुसरा हात मोडला होता. का, असं मी तिला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भाकऱ्या जळतायत, बघ.

सकाळी दवाखान्यात डॉक्टर घाईत होते, दुसऱ्या खोलीत कुणीतरी गोळ्या खाऊन आलेलं होतं. मदतनिसानं बाबाच्या कानशिलांवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काम उरकलं. आम्ही बाहेर बाकावर होतो. आतून डॉक्टरांचा चढलेला आवाज आला, मग दारातून जळक्या केसांचा वास. थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि सरळ सांगून टाकलं. डोक्याला तेल होतं, त्यामुळे वीज नीट आत गेली नाही, फिट अर्धवट आली आणि उजव्या कानशिलाची कातडी भाजली. घरच्यांनी तेल लावायला नको होतं, आणि आम्हीही बघायला हवं होतं, असं ते म्हणाले. डाग रुपयाएवढा होता, मध्ये पांढरा, कडेनं लाल. मलम लावून आम्ही बाबाला रिक्षानं घरी आणलं. त्या दुपारी तो परत पाणी गिळेनासा झाला.

बाळूकाका जेवायच्या वेळी आला. त्यानं बाबाची हनुवटी धरून मान फिरवली, डाग बघितला आणि निघून गेला. थोड्या वेळात त्याच्या ओट्यापासून दोन डंपर सुटले, मागच्या हौद्यात माणसं उभी, हातात टायरच्या लोखंडी टॉमी आणि फावड्याचे दांडे. आईनं बायजामावशीला बाबाजवळ बसवलं आणि मला रिक्षा बघायला पिटाळलं.

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती आणि कुणी मध्ये पडत नव्हतं. दवाखान्याची पाटी खाली लोंबत होती. काउंटरची काच फुटली होती, औषधांच्या बाटल्या भिंतीवर फोडल्या होत्या, आणि पाऊल टाकलं की कचकच वाजत होतं. मदतनीस कोपऱ्यात डोकं धरून बसला होता, बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलेलं. उरणचा म्हातारा खाटेखाली शिरला होता. डॉक्टरांना खुर्चीत बसवून दोन ड्रायव्हरांनी खांदे दाबून धरले होते. चष्मा नव्हता, ओठ फुटला होता. काकाच्या काखेत ते शॉकचं मशीन होतं, रेडिओएवढा एक डबा, आणि त्याच्या वायरीच्या दोन टोकांच्या चकत्या तो डॉक्टरांच्या कानशिलांवर दाबत होता. एक ड्रायव्हर प्लग घेऊन भिंतीवर सॉकेट शोधत होता. डॉक्टर अगदी सावकाश, शिकवल्यासारखं बोलत होते, "मी तुम्हालाच सांगितलं होतं. डोकं धुऊन आणा. तुम्ही हो म्हणालात." प्रत्येक वाक्याला काका चकतीचा एक हात काढून थोबाडीत मारत होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की डॉक्टर खरं बोलतायत.

प्लग सॉकेटमध्ये गेला. आई काचांवरून तशीच चालत गेली आणि तिनं डाव्या हातानं काकाच्या तोंडात मारली. आमच्यात वहिनी मारते तेव्हा दीर हात उचलत नाही. काकानंही उचलला नाही, पण चकत्याही सोडल्या नाहीत.

"तेल मी घातलं, बाळू," ती म्हणाली. "हाण मना."

"वयनी, तू बाजूला हो. जाळलंय त्याला. डाग बघितलास ना?"

"बघितला. मनगटं बघितलीस तू? दोरी कोनाची व्हती? तळवे फोडले तवा पाय कोन धरून बसला व्हता? तवा तू कोनाची काच फोडलीस?"

काका म्हणाला, ते वेगळं. आईनं प्लॅस्टरचा हात त्याच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये घातला आणि कोपरानं एक चकती खाली पाडली. मग ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "तिथं त्यो पानी गिलत नाय. आनि तू हितं मर्दुमकी दाखव." ज्यानं प्लग लावला होता त्यानंच तो काढला. हा ड्रायव्हर पुढे माझ्याकडे वीस वर्षं नोकरीला होता. 

पण प्लग काढून बाबाचं काम होत नव्हतं. डॉक्टर भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, आता पेशंटला ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्या, माझ्याकडे नको. माझ्या माणसाच्या डोक्याला टाके पडणार आहेत. ते रास्त होतं. मी पाय घासत काचा बाजूला करू लागले, कारण काहीतरी करायला हवं होतं. आई तिथंच जमिनीवर बसली. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं. ठाण्यापर्यंत तो पोचेल का, एवढंच तिनं विचारलं. डॉक्टरांनी खाली चाचपून चष्म्याची फ्रेम उचलली, ती बघितली, खिशात घातली. मग म्हणाले, "आज काहीच नाही प्यायले?" आई म्हणाली, नाही. ते फुटक्या काउंटरला टेकले. शेवटी काकाकडे बोट दाखवून म्हणाले, "उद्या सकाळी आणा. पण हे आत थांबतील. दाराबाहेर नाही, आत, पेशंटच्या पायाशी. सगळं होईपर्यंत."

पोलिसांत तक्रार झालीच, आणि काका ती रात्र कोठडीत काढून सकाळी जामिनावर थेट दवाखान्यात आला. बाबाचं डोकं मी धुतलं होतं, आधी कपड्याच्या साबणानं, मग शांपूच्या पुड्यांनी, केस बोटांत करकर वाजेपर्यंत. डॉक्टरांनी ते अंगठ्यानं चोळून बघितले आणि अंगठा कागदावर टेकवून डाग उठतो का तेही बघितलं. आपलं बिघडल्यामुळे मशीन त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलं होतं. भाजलेली जागा सोडून चकती कुठे लावणार ते त्यांनी काकाला बोटानं दाखवलं. मग दार बंद झालं.

आत काय झालं ते काकानं मला कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नाच्या हळदीला, दारू चढलेल्या आवाजात सांगितलं. त्याला वाटलं होतं, जाळ्यातून काढलेल्या माशासारखा बाबा खाटेवर उडणार आणि चौघांना धरावा लागणार. म्हणून त्यानं बाह्या वर केल्या होत्या. बाबा झोपला, वीज दिली, आणि त्याच्या पायाचा अंगठा थरथरला. तेवढाच. कुणी त्याला धरला नव्हता, कुणी दाबला नव्हता. अंगठा थांबला आणि बाबा घोरायला लागला. काकानं विचारलं, झालं? डॉक्टर म्हणाले, झालं, आता तुम्ही जा. हे सांगताना काकाच्या हातातला ग्लास तसाच राहिला होता. मग त्यानं तो एका घोटात संपवला आणि बँजोवाल्यांना शिव्या द्यायला गेला.

त्या शॉकनंतर दुपारी बाबा पाणी प्यायला. पुढच्या खेपांनंतर भात, मग भाकरी, मग भांडणं. आईनं भाजीत मीठ कमी घातलं म्हणून तो कुरकुरला तेव्हा मला कळलं की माणूस परत आला. पण त्याच्या डोक्यात भोकं पडली होती. ते महिने त्याच्याकडे नव्हतेच. त्यातलं थोडं मागाहून परत आलं, पुष्कळसं आलं नाही. शॉकनं हे होतं, आणि होत नाही असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. काकाची भिंत कशी पडली असं त्यानं विचारलं, तर काका म्हणाला, डंपर रिव्हर्स घेताना लागला. मनगटाच्या खुणा? सलाइन लावलं होतं. आईचा हात? मोरीत पडली. बाबा ऐकून मान हलवायचा, आणि मग तेच पुन्हा विचारायचा.

एका दुपारी काका आमच्याकडे जेवायला होता. बोंबलाचं कालवण होतं. बाबानं पुन्हा हाताचं विचारलं आणि काका पुन्हा मोरीचं सांगू लागला. आईनं त्याला मध्येच थांबवलं आणि वाढता वाढता सगळं सांगितलं, भिंत, पहार, माझी वेणी, दोरी, फावड्याचा दांडा, भगताची छडी, आपण घातलेलं तेल, डॉक्टरांचा फुटलेला ओठ. आवाज वर नाही, खाली नाही. काकाचं जेव्हा आलं तेव्हा त्याच्याकडे बघून सांगितलं. आपलं आलं तेव्हाही तसंच. बाबाच्या हातात घास होता. त्यानं तो खाल्ला, कारण अन्न टाकायची त्याची पद्धत नव्हती, मग उठून बाहेर गेला आणि पडक्या भिंतीजवळ उभा राहिला. रडला की नाही ते मला माहीत नाही, मी भांडी घासत होते.

पुढच्या तपासणीला तो स्वतः दवाखान्यात बोलला, नाहीतर डॉक्टरांपुढे तो तोंड उघडत नसे. काका जीप लावून आत आला होता, आई आणि मी बाकावर. बाबा म्हणाला, "डाक्टर, ह्ये परत झालं तर मी नाय म्हनीन. मारीन पन. तवा माजं ऐकू नका. बाळूचं पन नाय." मग त्यानं आईकडे न बघताच तिच्याकडे हात केला. "हिला इचारा." डॉक्टर म्हणाले, असं नुसतं तोंडी चालत नसतं. बाबा म्हणाला, माझं चालतं. काका पंख्याकडे बघत होता. आमच्या गावात तोवर कुणी पुरुषानं असं काही, तेही भावासमोर, बायकोच्या हवाली केलेलं मी ऐकलं नव्हतं. आपण ठीक असतानाच असं लिहून ठेवायची सोय आता कायद्यात आहे, हे मला अलीकडे कळलं. बाबाला कायदा लागला नव्हता.

आईला दोनदा विचारायची वेळ आली. दोन्ही वेळा बाबानं तिला शिव्या दिल्या, एकदा पाट फेकून मारला, आणि दोन्ही वेळा ती हो म्हणाली. भिंती पडल्या नाहीत, दोरी लागली नाही. मग आई गेली, मधुमेहानं. तिचे दिवस झाल्यावर बाबा जेवता जेवता मला म्हणाला, "आता तू." मी हो म्हटलं आणि त्याला अजून भात वाढला.

या वर्षी ते पुन्हा आलं. त्याची सत्तरी उलटून गेली आहे पण खांदे अजून उघाडीच्या फळ्या उचलणारे आहेत. मी दोन ड्रायव्हर घेऊन गेले आणि त्यांना बजावलं की दोरी आणाल तर कामावरून काढीन. बाबानं घरातल्या सगळ्या कपाटांची दारं उपसून काढली होती आणि ती उंबऱ्यावर रचून बांध घालत होता. ओठ कोरडे पडून तडकले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, चल, डॉक्टरकडे जायचंय. त्यानं मूठ वळून माझ्या तोंडावर मारली. दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. एक ड्रायव्हर पुढे झाला, त्याला मी हातानं मागे केलं. बाबा भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि मला घाणेरड्या शिव्या देत म्हणाला, "मी नाय येनार. मना कोनी इचारलं? तू मना इचारलंस का?"

मी रक्त थुंकले आणि गाडीचं दार उघडून धरलं.

"इचारलं व्हतं, बाबा. तू बरा व्हतास तवा."